बर्फाची राणी जळगावात

खान्देशात सायकल घ्यायला कुणी एकटं जात नाही. मोटरसायकल घ्यायला जातात. फार तर सोबत एखादा मित्र आणि त्या मित्राचा फायनान्स कंपनीतला मेहुणा. पण चार वर्षांच्या लेकराची पहिली पायडलची सायकल घ्यायची म्हटली की अख्खं घर चपला घालतं. आई-बाप, आजी-आजोबा, माहेरपणाला आलेली आत्या, तिची दोन पोरं, आणि ‘त्यांना त्यातलं कळतं’ म्हणून फोन करून बोलावलेला मामा. आमच्या गोतावळ्यात हा मामा मी. मला त्यातलं नेमकं काय कळतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी दुकानात शिरतो, उकिडवा बसतो, चाक हाताने गरकन फिरवतो आणि ‘हं’ म्हणतो. एवढ्यावर माझी कीर्ती जळगावहून धुळ्यापर्यंत पोचली आहे.

मुहूर्त दसरा-दिवाळीचाही चालतो, पण आमच्याकडचा खरा मोसम आखाजीचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, शाळांना सुट्टी लागलेली किंवा लागायच्या बेतात असते, आणि नातवंडं हट्टाला बसली तर ‘नाही’ म्हणायची आजोबांची ताकद उन्हाने आधीच संपवलेली असते. पारा 42 च्या पुढे गेलेला. अशा वेळी भर दुपारी फुले मार्केटच्या बाजूने आठ माणसांचा जथा सायकलच्या दुकानाकडे निघतो. संध्याकाळपर्यंत थांबू या, असं सुचवणारा माणूस दर वर्षी एक असतो. त्याचं दर वर्षी कुणी ऐकत नाही.

आता जळगावकर खरेदीला कच्चा आहे असं कुणी म्हणू नये. सोनं घ्यायला लांबलांबून लोक आमच्याकडे येतात. सराफाच्या पेढीवर आमची आत्या कस विचारते, घडणावळ विचारते, हॉलमार्कचा शिक्का भिंगातून बघते, मोडीला तूट किती धरणार यावर अर्धा तास वाद घालते आणि वर चहा पिऊन येते. तीच आत्या सायकलच्या दुकानात शिरली की एकच प्रश्न विचारते, “एल्सावाली आहे का हो भाऊ?”

संपलं. वजन नाही, माप नाही, ब्रेक नाही. एल्सा आहे का, तेवढं सांगा.

दुकानदार फक्त वर बोट दाखवतो. छताच्या हुकांना सगळं कार्टूनविश्व उलटं टांगलेलं असतं. हैदराबादेत जन्मलेला आणि 2008 पासून पोगोवर लाडू खाणारा छोटा भीम उलटा. जुन्या ‘लोटपोट’ मासिकातून उठून 2012 साली टीव्हीवर आलेले मोटू-पतलू उलटे. जपानचा डोरेमॉन उलटा. बर्फाची राणी एल्सा उलटी, आणि मे महिन्याच्या जळगावात. एकटा स्पायडरमॅन तेवढा त्या अवस्थेत निवांत दिसतो; त्याला 1962 पासून सवय आहे.

यात काही अस्सल परवान्याचे, काही नुसते तसे दिसणारे. तसे दिसणाऱ्यांची जात ओळखण्यात मोठी माणसं हटकून मार खातात, पोरं खात नाहीत. एका दुकानात निळ्या गोल तोंडाच्या बोक्याची सायकल खाली उतरवली गेली. बापाने सीट थोपटली, आजोबांनी घंटी वाजवली, दुकानदाराने बिलबुक उघडलं, आणि मुलगा म्हणाला, “हा डोरेमॉन नाही.” “नाही कसा? हा बघ, खिसा आहे पोटावर.” “याला कान आहेत.” सगळे वाकून बघतात तो खरंच दोन टोकदार कान! डोरेमॉनचे कान उंदराने कुरतडून नेले, ही त्याच्या चरित्रातली मुख्य शोकांतिका. म्हणून तर तो उंदराला घाबरतो. चार वर्षांच्या पोराला हे पाठ होतं आणि ज्या कारागिराने स्टिकर छापला त्याला नव्हतं. दुकानदाराने कमाल केली. म्हणाला, “बाळा, हा त्याच्या लहानपणीचा आहे, कान जायच्या आधीचा.” पोरगं क्षणभर विचारात पडलं आणि मग त्याने मान हलवली, कारण कान होते तेव्हा डोरेमॉन पिवळा होता, हेही त्याला ठाऊक होतं. दुकानदाराने बिलबुक मिटलं.

मुलाची निवड दुकानात शिरल्यावर तीन सेकंदांत झालेली असते. पुढचा दीड तास मोठ्यांचा. त्यात पहिला मुद्दा निघतो तो ‘वाढत्या अंगाची’ हा. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या अंगाचे, मग सायकल का नको? धुळ्याच्या माझ्या बहिणीचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते या पक्षाचे पुढारी. देवपुरातून पांझरा ओलांडून ते आग्रा रोडवरच्या दुकानात आले, बाराच्या चाकाच्या सायकलीकडे त्यांनी पाहिलं आणि काठी आपटली. “इतली धाकली कसाले? मोठी ली ले. पोऱ्या काय इतलाच ऱ्हाई का?”

बिनतोड प्रश्न आहे. पोऱ्या इतकाच राहणार नाही हे कबूल. पण सायकल चालवायची आहे ती इतका असतानाच. पहिल्या सायकलीचं माप वयावर नसतं आणि उंचीवरही फारसं नसतं. ते असतं पायाच्या आतल्या लांबीवर. पोराला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं, दोन पायांत वरपर्यंत एक पुस्तक धरायला लावायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. सीट तेवढ्याच उंचीवर उतरली पाहिजे, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. पडायला लागलं की पोर ब्रेक शोधत नाही, जमीन शोधतं. ढोबळ मानाने बाराचं चाक तीन-चार वर्षांना, चौदाचं चार-पाचला, सोळाचं पाच-सहाला आणि वीसचं सात वर्षांच्या पुढे. पण एकाच बालवाडीत एकाच वयाची दोन पोरं उभी केली की या कोष्टकाचे बारा वाजतात. म्हणून पुस्तक. आमच्याकडे या कामासाठी पंचांग वापरलं, त्यामुळे आजीचा आक्षेप राहिला नाही.

आबांची समजूत पंचांगाने पटणारी नव्हती. त्यांना वजनाचा हिशेब सांगितला. चार वर्षांचं पोर साधारण 16 किलोचं. आपल्याकडची ही पोरांची सायकल, तिची ती टोपली, मागची बाहुलीची सीट, दोन्ही बाजूंची आधाराची चाकं धरून सहज 9 किलो भरते. म्हणजे पोराच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. आबा 70 किलोचे. त्याच हिशेबाने आबांना 40 किलोची सायकल द्यावी लागेल. आबांनी तरुणपणी ज्या काळ्या सायकलवरून दूध घातलं ती सगळी मिळून 20 किलोच्या आसपास. आबा गप्प झाले. मग म्हणाले, “कॅन मातर भरेल ऱ्हायेत.” ते खरं. वीसचं चाक मागे पडलं, तरी चौदाच्या खाली यायला आबा तयार झाले नाहीत. सुदैवाने पंचांगाचा कौलही चौदालाच होता.

चित्रांचं हे वेड नव्या पोरांनी आणलं असं म्हणून आबांच्या पिढीतली माणसं नाकं मुरडतात. पण तेव्हाच्या सायकलींवर दुसरं काय होतं? 1951 साली सोनीपतला सुरू झालेली अॅटलास. तिच्या बिल्ल्यावर अख्खा गोल खांद्यावर पेलणारा उघडाबंब गडी. मद्रासेत तयार होणारी हर्क्युलस. तो तर ग्रीकांचा भीमच. आणि 1956 ची लुधियानाची हीरो, जिने कुठल्या एका हीरोचं नाव घ्यायची भानगडच ठेवली नाही. कोण अॅटलास, कोण हर्क्युलस, हे चाळीसगावपासून नवापूरपर्यंत कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. पोरांनी तेव्हाही हँडलखालच्या त्या बिल्ल्यावरून बोटं फिरवली होती. फरक इतकाच की तो बिल्ला पत्र्याचा होता. सायकल भंगारात जायची, चाकं दुसऱ्या गाडीला लागायची, आणि बिल्ला कुणाच्या तरी कपाटावर खिळ्याने ठोकलेला राहायचा. अॅटलासने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला तो दिवस 3 जून 2020, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. त्या गड्याने गोल खाली ठेवायला दिवस बाकी अचूक निवडला.

मराठीत म्हणाल तर सायकलवर शोभेल असा आपला एकच वीर, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो आयुष्यभर सायकलवर होता, पण सायकलीवर त्याचं चित्र छापावं असं कुणाच्या डोक्यात आल्याचं दिसत नाही. असो. पोराने त्याचे कान मोजले नसते, एवढं नक्की.

त्या काळी पोरांची सायकल ही चीजच मुळी दुर्मिळ. तासावर भाड्याने मिळायची तेवढीच. एरवी बापाच्या घोड्याच्या नळीखालून पाय घालायचा, एक काख सीटवर, दुसरा हात हँडलला, आणि हाफ पायडल मारत जायचं. कंबर त्या काळात जी वाकडी झाली ती काहींची अजून सरळ झालेली नाही. अशा माणसांना दुकानात नेलं की ती एल्साच्या गुलाबी सीटकडे बघतात आणि “आमच्या वेळी” असं म्हणून थांबतात. पुढचं वाक्य त्यांना सुचत नाही, कारण त्या सीटवर बसून बघायची त्यांचीही इच्छा असते.

सायकल ठरली की ती खोक्यातून निघते. लुधियानाकडून येताना ती अर्धवट जोडलेली असते. बाकीची जोडणी दुकानातला पोऱ्या तुमच्यासमोर दहा मिनिटांत करतो, त्यात दोनदा फोन घेतो. मामाचं खरं काम इथे असतं आणि नेमक्या याच वेळी सगळे मामाला उसाच्या रसाला घेऊन जातात. मी जात नाही. पुढचा चिमटा उलटा बसवलेला असला तर सायकल दिसते ठीक, पण वळताना पोराच्या पायाचा अंगठा चाकाला घासतो. चिमट्याची वाकडी टोकं पुढे झुकलेली हवीत. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. ते घाईत तिरकं बसवलं तर आटे जातात आणि आठवड्याने पायडल गळून हातात येतं. ब्रेकची मूठ पोराच्या बोटांना पुरते का, हे पोराच्या बोटांनीच बघायचं. दुकानदार स्वतःच्या पंजाने दाबून “बघा, एकदम टाइट” म्हणतो. टाइट असणं हाच तर तिचा दोष. त्या मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. स्क्रू फिरवायला अर्धं मिनिट लागतं. बहुतेक सायकलींचा तो स्क्रू भंगारात जाईपर्यंत कुणी हलवलेला नसतो, आणि पोरं चपलेने ब्रेक मारतात. एका उन्हाळ्यात चपलांचे तीन जोड, मग बाप म्हणतो, पोरगं फार पाय घासतं.

सायकल घरी आली. पहिला हुकूम आजीचा: प्लास्टिक काढायचं नाही. नळीवरचं, सीटवरचं, हँडलवरचं, जिथे जिथे चकचकीत कागद आहे तिथे तो राहू द्यायचा, म्हणजे सायकल नवी राहील. आमच्या घरांतल्या सोफ्यांनी आणि रिमोटांनी ही शिस्त पाळलेली आहे. पण जळगावचं ऊन वेगळं. मेमध्ये पारा 45 ओलांडतो, आणि अंगणात उभ्या केलेल्या सायकलीची नळी दुपारी दोनला हात लावू देत नाही. त्या उष्म्यात प्लास्टिक खालच्या स्टिकरला चिकटून बसतं. मग दिवाळीच्या साफसफाईत आई ते खर्रकन ओढते, आणि प्लास्टिकबरोबर मोटूचं अर्धं तोंड समोशासकट निघून येतं. पतलू एकटा राहतो. सायकल नवी राहते.

प्लास्टिक काढलं म्हणून चित्र वाचतं असं मात्र समजू नका. त्याची काळजी सूर्य घेतो. ऊन सगळे रंग सारखे खात नाही. छापील चित्रातला पिवळा आणि गुलाबी आधी जातो, तांबडा या दोघांचाच बनलेला, म्हणून तोही त्यांच्यामागे जातो, निळा चिवट. याचा परिणाम खान्देशातल्या कुठल्याही गल्लीत बघायला मिळतो. स्पायडरमॅन पहिल्या उन्हाळ्यात फिकट गुलाबी होतो, दुसऱ्यात कावीळ उतरल्यासारखा पांढरा पडतो. भीमाचं केशरी धोतर जातं, जे जायला नको. एल्साचं तोंड जातं, झगा राहतो. आणि डोरेमॉन, कानाचा असो की बिनकानाचा, निळाच्या निळा टिकून असतो. त्यामुळे कुणी मला मनापासून सल्ला विचारलाच तर मी सांगतो, सायकल कुठलीही घ्या, कार्टून निळं घ्या. डोरेमॉनच्या निर्मात्यांनी त्याचं वजन 129.3 किलो ठरवून ठेवलं आहे, म्हणजे प्रत्यक्षात तो चौदाच्या सायकलवर बसला तर दोन्ही रिमांचा आउट जन्मात निघणार नाही. पण चित्र म्हणून त्याच्याइतका टिकाऊ माल नाही.

आता बाजूच्या आधाराच्या चाकांविषयी बोललं पाहिजे, कारण त्यांनी माझी अनेक दुपारांची झोप खाल्ली आहे. ही चाकं कडक प्लास्टिकची. खान्देशात एप्रिल-मेमध्ये एक ते चार हा काळ कूलरपुढे आडवं पडण्याचा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टिपकत असतं, गल्ली मेलेली असते. नेमका त्याच वेळी काँक्रिटवरून खर्रर्रर्र असा आवाज येतो. लांब जातो. वाटतं गेला. तिथून वळतो. परत येतो. कूलरच्या पंख्यावर मात करणारा दुसरा आवाज मी ऐकलेला नाही. दार उघडून बघावं तर टोपी नाही, पायात चप्पल नाही, टोपलीत दोन दगड, निंबोळ्या आणि अर्धं खाल्लेलं केळ, आणि चेहऱ्यावर वाहतूक पोलिसाची जबाबदारी.

ती चाकं जमिनीला घट्ट टेकवून बसवतात, आणि तिथेच गडबड होते. सायकल जरा या अंगाला, जरा त्या अंगाला कलू शकली तर पोराला तोल कळतो. म्हणून चाकं जमिनीपासून बोटभर वर हवीत. शिवाय आमचे रस्ते. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेली चारी जिथे बसून खोल झाली आहे तिथे बाजूची दोन चाकं दोन काठांवर चढतात आणि मधलं मागचं चाक चारीवर अधांतरी राहतं. पोर जिवाच्या आकांताने पायडल मारतंय, चाक भन्नाट फिरतंय, आणि सायकल जागच्या जागी. मागे रिक्षा हॉर्न वाजवतेय. पोर मागे बघून म्हणतं, “जातोय ना!” या बाबतीत धुळ्याच्या जुन्या पेठेतली पोरं नशीबवान. तिथल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत आणि त्या रेघ मारल्यासारख्या सरळ. वळायला न शिकताच पोरगं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं; तिथे कुणीतरी मोठं माणूस सायकल उचलून उलटी फिरवतं; पोरगं परत येतं. जळगावात ज्यांना जमतं ते सकाळी मेहरूण तलावावर नाहीतर संध्याकाळी काव्यरत्नावली चौकाकडे नेतात. ‘काव्यरत्नावली’ हे 1887 साली जळगावातून निघू लागलेलं कवितेचं मासिक. त्याच्या नावाचा हा चौक, तिथे कविता लावलेल्या आहेत. एवढ्या कवितांच्या देखत आमची भाची “बाजूला व्हा, ब्रेक नाहीये” असं ओरडत फिरते, हाही एक काव्यप्रकारच.

तोल शिकवायचा खरा उपाय 1817 साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने करून ठेवला. त्याच्या दुचाकीला पायडलच नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन रेटायची. पायडल लागायला पुढे चार-पाच दशकं गेली. म्हणजे माणसं आधी तोल शिकली, मग पायडल. पोरांनाही तेच सोपं जातं: बाजूची चाकं काढा, दोन्ही पायडल काढा, सीट खाली करा, पंधरा दिवस पोराला पायाने ढकलत फिरू द्या, मग पायडल लावा. मी हे घरात मांडलं. एक मिनिट कुणी बोललं नाही. मग मेहुण्याने अतिशय शांतपणे विचारलं, “म्हणजे दाजी, पैसे द्यायचे पायडलच्या सायकलचे आणि पायडल ठेवायचे कपाटात?” आत्याने तर विषयच मिटवला. म्हणाली, सोन्याची पाटली घेऊन सोनं काढून ठेवतो का आपण? तरी मी पाना घेतला, कारण मामाला त्यातलं कळतं. उजवं पायडल निघालं. डाव्याला मेहुणा भिडला आणि वीस मिनिटं ते जोर लावून आणखी घट्ट करत राहिला. उलटे आटे आहेत हे मी सांगत होतो, पण तोवर गल्लीतली चार माणसं जमली होती आणि प्रत्येकाला पाना एकदा आपल्या हातात हवा होता.

देखभालीचं म्हणाल तर या सायकलींना दोनच शत्रू: काटा आणि घरातलं तेल. काट्यांत आम्ही श्रीमंत. वेडी बाभूळ नाल्याकाठी माजलेली, आणि पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर सराटे पसरलेले. सराट्याची गंमत अशी की तो कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. बाराच्या ट्यूबवर पंक्चर काढणं हा पंक्चरवाल्याच्या कलेचा कस असतो. तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडे मोजतो, सोल्युशन लावतो आणि ठिगळ कापताना थांबतो, कारण ठिगळ लावल्यावर ट्यूब किती उरेल याचा त्याला अंदाज येत नाही. “नवीनच टाका भाऊ,” तो म्हणतो, “यात आता हवेपेक्षा रबर जास्त झालं.” हवा भरतानाही त्याला हात आवरावा लागतो. मोठ्या गाड्यांच्या सवयीने दाब दिला की एवढीशी ट्यूब उन्हात उभी राहून दुपारी फटाका वाजवते.

घरातल्या तेलाची कथा आणखी करुण. चेन कुरकुरली की आजी म्हणते, जरा तेल सोड. तेल म्हणजे शेंगदाण्याचं. भरितावर चालतं, वड्यांना चालतं, चेनीला का नको? दोन दिवस सायकल लोण्यासारखी पळते. मग धूळ बसते, तेल आणि धूळ मिळून काळा डिंक होतो, आणि चेनीवर मुंग्यांची रांग लागते. शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब टाकावेत, चेन उलटी फिरवून फडक्याने वरचं पुसून घ्यावं, एवढं पुरतं. बाराच्या चाकाला एक किलोमीटर जायला हजारावर फेरे घ्यावे लागतात, बापाच्या सायकलला पाचशेही लागत नाहीत. त्यामुळे छर्ऱ्यांना वर्षातून एकदा ओव्हरऑयलिंग हवंच. पण ‘पोराच्या सायकलचं ओव्हरऑयलिंग करायचंय’ असं म्हटलं की मिस्तरी अशा नजरेने बघतो की माणूस नुसती हवा भरून परत येतो. पावसाळ्यात मळ्यात नेऊ नये, हे सांगून उपयोग नाही; पोरं नेतातच. आमची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत भरते, वाळते, आणि मग चाक फिरत नाही म्हणून सायकल खांद्यावर येते. खांदा अर्थात मामाचा.

दसऱ्याला तिची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, स्कूटी आणि शेवटी एल्सा, अशी रांग लागते. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. एल्साच्या कपाळाला कुंकू लावायला आजी वाकली तेव्हा कपाळ सापडेना. चेहरा मागच्या उन्हाळ्यातच गेलेला. तिने अंदाजाने झग्याच्या वर एक बोट टेकवलं. मग चाकाखाली लिंबू. ट्रॅक्टरखाली लिंबू फुटतं, मोटरसायकलखाली फुटतं. 9 किलोची सायकल आणि तिच्यावर आता 18 किलोचं पोर. ते लिंबावर चढलं, लिंबू चेंडूसारखं सटकलं आणि गटारीत गेलं. दुसरं ठेवलं, तेही सटकलं. तिसऱ्या लिंबाला आबांनी काठीने धरून ठेवलं आणि आत्याने मागून ढकललं. सायकल लिंबावरून न जाता काठीवरून गेली. शेवटी बापाने लिंबू हाताने पिळून चाकावर शिंपडलं आणि शास्त्र पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

दोन वर्षांत पोर वाढलं. आबा म्हणत होते ते खरं झालं, आणि त्यांनी ते रोज सांगितलं. एल्सा मोकळी झाली. धुळ्याला त्याच्याहून धाकटा भाचा होता, म्हणून ती एसटीने निघाली. पाच वर्षांखालचं लेकरू एसटीत फुकट, पण सायकलचं सामानाचं तिकीट कंडक्टरने फाडलं. एरंडोल, पारोळा करत ती सोबतीच्या भाच्यापेक्षा जास्त पैसे भरून धुळ्याच्या स्टँडवर उतरली.

भाचा भीमाचा भक्त. गुलाबी सायकल आणि तोंड नसलेली राणी त्याने साफ नाकारली. तेव्हा बहिणीने सायकल रेडियमवाल्याकडे नेली. हा माणूस नंबरप्लेटी करतो, रिक्षांच्या काचांवर देवादिकांची नावं कापतो, वेळ पडली तर वराच्या गाडीवर ‘शुभविवाह’ चिकटवतो. त्याने आधी मडगार्डवर, न विचारता, सवयीने ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लावलं. हे वाक्य मी आजवर शेकडो ट्रकांवर वाचलं आहे. पावतीसकट खरं असलेलं हे पहिलंच. मग नळीकडे वळला. भीमाचं पूर्ण चित्र त्या मापात नव्हतं, नुसतं डोकं होतं. एल्साचा निळा झगा तसाच चकचकीत होता आणि वर डोक्याची जागा रिकामी. रेडियमवाल्याने फार विचार केला नाही.

भाच्याने सायकलला चक्कर मारली. झगा बघितला, भीमाचं डोकं बघितलं, पुन्हा झगा बघितला. बहीण श्वास रोखून उभी. आबा काठीवर हनुवटी टेकून.

“भीम लग्नाला चालला वाटतं,” तो म्हणाला, आणि सीटवर चढून बसला.

आबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले होते. “हाई तं धाकली व्हई गयी,” आबा म्हणाले. “मोठी ली लेतात.”